गोठणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडणारे जोसेफ ब्लॅक

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. खिडक्यांच्या काचा धुण्याचा व्यवसाय करणारे कारागीर त्या सुमारास आपापल्या व्हॅन घराकडे वळवतात. शिडी, बादली आणि फडके एवढ्यावर चालणारा हा धंदा ब्रिटनमध्ये आता बराच बदलला आहे. उंचावरील कामासंबंधीचे नियम २००५ मध्ये लागू झाल्यानंतर शिडीवर चढण्याऐवजी जमिनीवर उभे राहून लांब काठीने काच धुण्याची पद्धत अधिकच रूढ झाली. व्हॅनमध्ये पाण्याची मोठी टाकी असते, तिला विजेरीवर चालणारा छोटा पंप जोडलेला असतो, रिळावर शंभर-शंभर मीटर बारीक नळी गुंडाळलेली असते आणि नळीच्या टोकाला काठी व ब्रश. हे पाणी साधे नसते. त्यातील क्षार जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेले असतात, म्हणूनच काच न पुसताही डाग न पडता वाळते.

या साऱ्या सरंजामाचा खरा शत्रू म्हणजे हिवाळ्यातील रात्र. पारा शून्याखाली उतरला की नळीतील पाणी गोठते, पंपाचे डोके तडकते, गाळणीचे भांडे फुटते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि हा दाब प्लास्टिकला सोसवत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाची सकाळ मग काच धुण्यात न जाता नवा पंप शोधण्यात जाते. नुकसान पंपाच्या किमतीएवढेच होत नाही, त्या दिवसाची सारी गिऱ्हाइकेही हातची जातात.

रात्रभर हे पाणी कसे सांभाळावे, याचा हिशेब ज्याच्या आधारे करता येतो, तो नियम याच ग्लासगो शहरात सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी शोधला गेला. तो शोधणारे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या आदराने ओळखले जातात. मात्र आपल्याकडे त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातील अप्रकट उष्म्याच्या धड्याबरोबर येते आणि परीक्षेबरोबर विसरले जाते. खुद्द ब्लॅक यांनीही आपले नाव मागे राहावे यासाठी फारसे काही केले नाही. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोध त्यांनी कधी छापलाच नाही.

ब्लॅक यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील जॉन ब्लॅक हे बेलफास्टचे, मूळच्या स्कॉटिश घराण्यातील. द्राक्षांच्या मद्याचा व्यापार करण्यासाठी ते बोर्दोला स्थायिक झाले होते. आई मार्गारेट गॉर्डन यांचे माहेरही स्कॉटिश आणि त्याच व्यापारातले. घर मुलाबाळांनी भरलेले आणि पाहुण्यांनी गजबजलेले असे. फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यू हे या कुटुंबाचे स्नेही होते. बाराव्या वर्षी जोसेफला शिक्षणासाठी बेलफास्टला पाठविण्यात आले आणि तेथून पुढे तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला. वडिलांच्या आग्रहावरून एखादा पोटापाण्याचा व्यवसाय निवडायचा म्हणून त्याने वैद्यक घेतले.

तेथे त्यांना विल्यम कलन हे गुरू लाभले. रसायनशास्त्र म्हणजे औषधे कुटण्याची विद्या, असे मानण्याचा तो काळ. कलन मात्र त्याकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहत. त्यांच्या प्रयोगशाळेत ब्लॅक यांनी सुमारे तीन वर्षे साहाय्यक म्हणून काम केले. भांडी धुणे, भट्टी पेटवणे, वजने करणे अशी ही उमेदवारी होती. पुढे आयुष्यभर त्यांच्या हाताला जी सफाई होती ती याच वर्षांतली. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात द्रव ओतताना ते एक थेंबही सांडू देत नसत. अखेरच्या वर्षांतील त्यांच्या विद्यार्थ्यांनीदेखील या गोष्टीची नोंद करून ठेवली आहे.

१७५२ मध्ये ते एडिंबरोला गेले. मूतखड्यावर उपाय म्हणून त्या वेळी चुन्याच्या निवळीसारखी दाहक औषधे दिली जात आणि कोणत्या चुन्याची निवळी चांगली, यावर तेथील प्राध्यापकांत कडाक्याचा वाद होता. त्या वादात न पडता ब्लॅक यांनी मॅग्नेशिया अल्बा हा सौम्य पदार्थ अभ्यासाला घेतला. तो तापवला की त्याचे वजन घटते, हे त्यांच्या लक्षात आले. घटलेले वजन गेले कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक पायरीवर तराजू वापरून त्यांनी दाखवून दिले की, या पदार्थात एक वायू बांधलेला असतो आणि उष्णतेने तो सुटतो. त्याला त्यांनी स्थिर वायू म्हटले. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असल्याचे त्यांनी चुन्याच्या निवळीत श्वास सोडून सिद्ध केले. १७५४ मध्ये या विषयावरील प्रबंधाला वैद्यकाची पदवी मिळाली आणि १७५६ मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. हवा म्हणजे एकच एक मूलद्रव्य, ही समजूत त्या निबंधाने मोडीत काढली. त्या वेळी ब्लॅक यांचे वय अवघे २८ होते. एवढ्या तोलामोलाचे काही त्यांनी त्यानंतर स्वतःच्या हाताने छापले नाही.

त्याच वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात कलन यांच्या जागी रुजू झाले. हे विद्यापीठ तेव्हा हाय स्ट्रीटवरील जुन्या दगडी इमारतीत होते. आज तेथे त्याचा मागमूस उरलेला नाही. ब्लॅक वैद्यक शिकवीत, रसायनशास्त्राचे वर्ग घेत आणि गावातील रुग्णही पाहत. स्वतःची प्रकृती नाजूक असल्याने ते मोजका आहार घेत व मोजकेच बोलत. या गडबडीतच उष्णतेच्या प्रश्नाने त्यांना पछाडले.

प्रश्न वरकरणी साधा होता. पाणी गोठणबिंदूपर्यंत थंड झाले की आणखी किंचित उष्णता काढून घेताच त्याचा सगळा बर्फ होतो आणि बर्फ वितळण्याच्या बिंदूला आला की किंचित उष्णता मिळताच त्याचे सगळे पाणी होते, असेच बहुतेक सर्व विद्वान मानीत. ब्लॅक यांनी खिडकीबाहेर पाहिले. हिवाळा संपून हवा उबदार झाली तरी डोंगरावरचे बर्फ आठवडेच्या आठवडे टिकून राहते. विद्वानांचे म्हणणे खरे असते तर वसंतातील पहिल्या उबदार दिवशी सारे बर्फ एकदम वितळून खोऱ्याखोऱ्यांत प्रलय आला असता. तसा तो येत नाही. याचा अर्थ वितळताना बर्फ पुष्कळ उष्णता गिळते आणि ती तापमापकावर दिसत नाही.

फॅरनहाइट यांचे एक जुने निरीक्षणही त्यांच्या मनात घोळत होते. अगदी स्थिर ठेवलेले पाणी कधी कधी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूपच राहते, मात्र भांडे हलवले की त्यात एकदम बर्फ धरतो आणि त्याच क्षणी तापमापकातील पारा वर चढून गोठणबिंदूवर येतो. गोठताना पाणी गरम कसे होईल? इतरांनी हा चमत्कार म्हणून नोंदवला. ब्लॅक यांनी त्यात पुरावा पाहिला. पाणी गोठताना आपल्या पोटातील उष्णता बाहेर टाकते, हा त्याचा अर्थ होता.

नुसत्या तर्कावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १७६१ च्या सुमारास त्यांनी पातळ काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले आणि दोहोंत प्रत्येकी पाच औंस पाणी भरले. एकातील पाण्याचा बर्फ केला. दुसऱ्यातील पाणी गोठू न देता ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे गोठणबिंदूच्या एकच अंश वर, थंड केले. मग एका मोठ्या रिकाम्या दालनात दोन्ही चंबू हवेत टांगून ठेवले. दालनातील तापमान ४७ अंश, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ८ अंश सेल्सिअस होते. पाण्याचा चंबू अर्ध्या तासात ४० अंशांवर पोहोचला. बर्फाच्या चंबूला तेथवर येण्यास साडेदहा तास लागले.

म्हणजे एकवीस अर्धे तास. अर्ध्या तासाला सात अंश या दराने बर्फाने एकूण १४७ अंशांएवढी उष्णता घेतली होती. त्यातली तापमापकावर फक्त ८ अंश दिसली. उरलेल्या १३९ अंशांचा पत्ता नव्हता. ती पाण्यात दडून बसली होती. ब्लॅक यांनी तिला अप्रकट उष्णता हे नाव दिले. आजच्या अचूक मोजणीने हा आकडा १४४ च्या आसपास येतो. दोन चंबू, एक तापमापक आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर मिळालेले हे उत्तर पाहिले की आजही अचंबा वाटतो. त्यातही मोठी गोष्ट म्हणजे बर्फ वितळण्याची वाट पाहत साडेदहा तास बसून राहण्याची त्यांची तयारी. २३ एप्रिल १७६२ रोजी विद्यापीठातील विद्वानांच्या मंडळात त्यांनी हे संशोधन वाचून दाखवले. त्यानंतर ते दरवर्षी वर्गात शिकवीत राहिले.

पुढे त्यांनी पाण्याच्या वाफेचाही असाच हिशेब केला. लालभडक शेगडीवर पत्र्याच्या भांड्यात पाणी ठेवले तर उकळी येण्यास जेवढा वेळ लागतो त्याच्या सुमारे पाचपट वेळ ते पूर्ण आटण्यास लागतो आणि या साऱ्या वेळात पारा जागचा हलत नाही. वाफेसाठी त्यांनी काढलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आला, पण दिशा अचूक होती.

आता पुन्हा ग्लासगोतील त्या व्हॅनकडे वळू. ब्लॅक यांचा हिशेब तेथे जसाच्या तसा लागू पडतो आणि नेमका कोठे धोका आहे हेही तोच सांगतो.

समजा, टाकीत ५०० लिटर पाणी असून त्याचे तापमान ५ अंश सेल्सिअस आहे. ते शून्यावर येईपर्यंत २५०० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाईल. पण शून्यावर आले म्हणजे सगळे गोठले, असे होत नाही. त्या ५०० लिटरचा बर्फ होण्यासाठी आणखी सुमारे ४०,००० किलोकॅलरी बाहेर जावी लागते, म्हणजे सोळापट. एका रात्रीत व्हॅनमधून एवढी उष्णता निघून जाणे कठीण. म्हणून भरलेली टाकी सहसा दगा देत नाही. फार तर वर बर्फाची साय धरते. ती साधारणतः वरच का धरते, हे ब्लॅक यांचेच शिष्य आणि उत्तराधिकारी थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने स्पष्ट केले. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते.

नळीची गोष्ट वेगळी. सहा मिलिमीटर पोकळीच्या शंभर मीटर नळीत तीन लिटरही पाणी मावत नाही. ते गोठण्यासाठी सव्वादोनशे किलोकॅलरी गेली की पुरे. पंपाच्या डोक्यात आणि जोडांमध्ये तर जेमतेम पेलाभर पाणी. त्याची पुंजी पंधरा-वीस किलोकॅलरीच्या पुढे जात नाही. म्हणजे सर्वांत महागाचे आणि सर्वांत नाजूक भाग तेच, ज्यांच्याजवळ स्वतःला वाचवण्यापुरती उष्णता नाही. नवखा माणूस टाकीला गोधड्या गुंडाळतो आणि पंप उघडा ठेवतो. त्याची चूक येथेच होते.

गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसले गोठणरोधक द्रव येथे चालत नाही. ज्या पाण्यातील क्षाराचा कण न् कण मुद्दाम काढून टाकलेला असतो, त्यात असे काही मिसळले तर काचेवर थर धरणार आणि मूळ उद्देशच फसणार. मीठ घालण्याचा तर प्रश्नच नाही. तेव्हा उरतात तीन मार्ग. पाणी काढून टाकणे, उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करणे आणि जाणाऱ्या उष्णतेची भरपाई करणे. अनुभवी कारागीर तिन्ही मार्ग एकत्र वापरतात. काठी आणि ब्रश झटकून घरात नेले जातात. पंप व नळीतील पाणी काढून जोड सैल सोडले जातात. गाळणी आणि रेझिनचे भांडे शक्यतो काढून घरात ठेवतात. आरओ पद्धतीची गाळणी असेल तर तिचे पातळ पडदे बर्फाच्या स्फटिकांनी निकामी होऊ शकतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. व्हॅनच्या पत्र्याला आतून उष्णतारोधक अस्तर लावतात. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अस्तर किंवा गोधडी उष्णता निर्माण करत नाही, फक्त जाणारी उष्णता लांबवते. आत काहीच उष्णता नसेल तर कितीही गुंडाळले तरी बारीक नळी पहाटेपर्यंत गोठायची ती गोठतेच.

म्हणून घरातून वीज घेऊन व्हॅनमध्ये लहानसा हीटर ठेवतात. तापमान शून्याजवळ आले की तो आपोआप सुरू होतो. शंभर वॉटचा हीटर दहा तास चालला तर एक युनिट वीज जळते आणि तिच्यातून ८६० किलोकॅलरी मिळते. टाकीच्या चाळीस हजारांपुढे ही रक्कम किरकोळ दिसते. पण पंप, जोड आणि नळीच्या सव्वादोनशे-अडीचशेपुढे ती भरभक्कम आहे. म्हणून हीटर टाकीखाली न ठेवता पंपाच्या आणि रिळाच्या बाजूला ठेवायचा. अर्थात हवेतून आणि पत्र्यातून काही उष्णता वाया जाणारच, तेव्हा अस्तर आणि हीटर दोन्ही लागतात. वीज नाही म्हणून बंद व्हॅनमध्ये गॅसची शेगडी पेटवून ठेवणे मात्र जिवाशी खेळ आहे. त्यातून ब्लॅक यांचा स्थिर वायू तर निघतोच, शिवाय त्याहून कितीतरी घातक असा कार्बन मोनॉक्साइडही साठू शकतो.

टाकी भरलेली ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. थंड देशांत पूर्वी शेतकरी तळघरातील भाजीपाला वाचवण्यासाठी तेथे पाण्याची मोठी पिंपे भरून ठेवीत. पाणी गोठू लागले की त्यातून सुटणारी उष्णता तळघराला शून्याच्या फार खाली जाऊ देत नसे. व्हॅनमधील टाकी हे असेच पिंप. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार रात्री बागांना पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. विहिरीच्या पाण्याची आणि ओल्या जमिनीची ऊब हा त्यातील मोठा भाग असला तरी दव गोठण्याची वेळ आलीच तर ब्लॅक यांचा नियम तेथेही हजर असतो.

एवढे करूनही एखाद्या सकाळी नळी गोठलेली सापडतेच. अशा वेळी घाई नडते. साडेदहा तास लागलेला तो चंबू आठवावा. गोठताना जेवढी उष्णता गेली तेवढीच परत दिल्याखेरीज बर्फ सुटत नाही. ऊन पडले, पत्रा कोमट लागला, म्हणून पंप चालू केला तर आतील बर्फाच्या खड्याने तो जायबंदी होतो. कधी याच्या उलटही घडू शकते. नळीतले पाणी शून्याखाली जाऊनही निवांत द्रवरूप राहिलेले असते आणि पंपाचा पहिला धक्का बसताच त्याचा चिखलासारखा बर्फ होऊन नळी तुंबते. फॅरनहाइट यांनी पाहिलेले आणि ब्लॅक यांनी उलगडलेले ते हेच कोडे.

ब्लॅक यांच्या काळात व्हॅन नव्हती, पण त्यांच्या शोधाचा पहिला मोठा लाभ मिळाला तो एका कारागिरालाच. विद्यापीठाच्या आवारात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॅट नावाचा तरुण होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाचे एक नादुरुस्त प्रतिरूप त्याच्याकडे आले. ते दुरुस्त करताना थोड्याशा वाफेने पुष्कळ थंड पाणी उकळते, हे पाहून तो चक्रावला आणि ब्लॅक यांच्याकडे गेला. ब्लॅक यांनी त्याला अप्रकट उष्णतेचा सिद्धांत समजावून दिला. १७६५ मध्ये वॅट यांना स्वतंत्र संघनक पात्राची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. आपली कल्पना ब्लॅक यांच्या सिद्धांतातून थेट निघालेली नाही, असे वॅट पुढे सांगत. पण विचार करण्याची शिस्त ब्लॅक यांच्याकडून मिळाली, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ब्लॅक यांनी त्यांना पैशांचीही मदत केली होती. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१७६६ मध्ये ब्लॅक एडिंबरोला प्राध्यापक म्हणून गेले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. त्यांच्या वर्गाला युरोपातून आणि अमेरिकेतून विद्यार्थी येत. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन रश हे त्यांपैकी एक, तर नायट्रोजन वायू शोधणारे डॅनियल रदरफोर्ड दुसरे. कापड धुऊन पांढरे करणारे, मीठ बनवणारे, भट्ट्या चालवणारे व्यावसायिकही सल्ल्यासाठी त्यांचे दार ठोठावीत आणि ब्लॅक यांच्याजवळ त्या सर्वांसाठी वेळ असे. स्वतःचा ग्रंथ लिहायला मात्र वेळ नव्हता.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. स्वीडनमधील योहान विल्के यांनी स्वतंत्रपणे हाच शोध लावून १७७२ मध्ये प्रसिद्ध केला. ब्लॅक यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित टिपणे विद्यार्थी एकमेकांकडून उतरवून घेत आणि ती देशोदेशी फिरत. जिनिव्हाचे विद्वान देल्यूक यांनी आपल्या ग्रंथात हा विचार ज्या रीतीने मांडला त्यामुळे ब्लॅक आणि त्यांचे मित्र दुखावले गेले. ब्लॅक यांनी त्यावर जाहीर वाद घातला नाही. त्यांचे चरित्रकार याचे श्रेय त्यांच्या सौम्यपणाला देतात. या मौनात थोडा आळस आणि पुष्कळसा अतिचोखंदळपणाही होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. जे पूर्णपणे निर्दोष नाही ते छापायचेच नाही, हा हट्ट प्रयोगशाळेत शोभतो. ज्ञानाच्या व्यवहारात त्याने नुकसानच होते. वॅट यांच्यासारखा माणूस शेजारी होता म्हणून तो सिद्धांत उद्योगापर्यंत पोहोचला.

त्यांचे मित्रमंडळ मोठे नामांकित होते. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन यांच्याबरोबर त्यांची बैठक जमत असे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या १७७६ मधील अखेरच्या आजारात ब्लॅक यांनीच त्यांच्यावर उपचार केले. १७९० मध्ये मृत्यू जवळ आल्याचे ओळखून स्मिथ यांनी आपली अप्रकाशित हस्तलिखिते जाळून टाकण्याची विनंती केली. ते काम ब्लॅक आणि हटन यांच्याकडे आले आणि त्यांनी ते पार पाडले. न छापलेल्या शब्दांचे काय होते, हे ब्लॅक यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तरी त्यांनी स्वतःची टिपणे सारखी करून छापायला दिली नाहीत.

लग्न त्यांनी केले नाही. फावल्या वेळात ते बासरी वाजवीत. छातीचा विकार त्यांना तरुणपणापासून होता. त्यामुळे खाणे, फिरणे, बोलणे या साऱ्यांचे त्यांनी जणू वजन-माप ठरवून टाकले होते. १७९० नंतर शक्ती हळूहळू कमी होत गेली. १७९५ मध्ये होप यांची त्यांचे सहकारी म्हणून नेमणूक झाली आणि काही काळातच ब्लॅक यांनी वर्ग घेणे थांबवले.

६ डिसेंबर १७९९ रोजी एडिंबरोतील राहत्या घरी ते नेहमीप्रमाणे मोजका आहार घेण्यासाठी मेजापाशी बसले होते. पाव, थोडी फळे आणि पाणी घातलेले दूध एवढेच त्यात होते. दुधाचा पेला हातात असतानाच आपली नाडी मंदावत असल्याचे त्यांना जाणवले असावे. त्यांनी पेला गुडघ्यांवर ठेवून हाताने नीट धरला आणि त्याच स्थितीत प्राण सोडला. नोकर आत आला तेव्हा मालक झोपले आहेत असे समजून परत गेला. त्यांच्या मित्रांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार पेल्यातील दुधाचा एक थेंबही सांडला नव्हता. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्यामागे उरली ती व्याख्यानांची विस्कळीत टिपणे. जुने शिष्य जॉन रॉबिसन यांनी स्वतःची प्रकृती ठीक नसताना विद्यार्थ्यांच्या वह्यांशी ती ताडून पाहिली, गाळलेले दुवे जुळवले आणि १८०३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. साडेदहा तासांचा तो प्रयोग त्याच्या कर्त्याच्या नावाने सविस्तर छापला गेला तो तेव्हा, जवळजवळ चाळीस वर्षांनी. रॉबिसन यांनी तो ग्रंथ जेम्स वॅट यांना अर्पण केला आहे.